पुतळीतल्या दोघी

वहिनीच्या मरणाचा निरोप आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो सोन्याचा. ही गोष्ट आता आमच्या गावात घरोघर पोचली आहे आणि शिकलेली नणंद कशी असते याचा दाखला म्हणून ती सांगितली जाते, असंही कानावर येतं. सांगोत बापडे. निरोप घेऊन आले ते आमच्याच गावचे एक शेतकरी, धान घेऊन गोंदियाच्या गिरणीवर आलेले. मी शिकवते त्या शाळेच्या फाटकाशी उभं राहून त्यांनी आधी पाणी मागितलं, मग इथल्या उन्हाला नावं ठेवली, मग अरुंद रुळांवरची छोटी गाडी सौंदडला किती उशिरा आली ते सांगितलं... आमच्याकडे मरणाची बातमी कोणी सरळ सांगत नाही. ती अशी वळसे घेत येते. दुसऱ्या वळशालाच मी ओळखलं होतं. मी विचारलं, "कोण गेलं?" ते खाली बघत म्हणाले, "तुमच्या घरची धाकटी. बारंतपनात. पोरगं बी नाई वाचलं." मी फाटकाचा गज धरला आणि माझ्या तोंडून निघालं, "तिच्या गळ्यातली पुतळी काढली का?" त्या भल्या माणसाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती नजर मी विसरणार नाही. "काढली ना बाई," ते म्हणाले. "तुमच्या मायनं आपल्या हातानं काढली. सोनं कोनी जाळते का?" आणि मान हलवत ते गिरणीच्या रस्त्याला लागले. माझी अब्रू त्यांच्याबरोबर छोट्या गाडीत बसून गावी गेली. पण मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं होतं. लग्नाच्या दिवसापासून, एक दुपार सोडली तर, पहिल्यांदा वहिनीची मान मोकळी झाली होती.

पुरवणीच्या या पानांवर नामवंतांविषयी लिहिलं जातं. माझी वहिनी कोणीच नव्हती. तिचं नाव द्वारका होतं, हेही आमच्या गावात चार जणांना ठाऊक असेल की नाही, शंकाच आहे. ती केशोरीची. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती माझ्या भावाला दुसरेपणावर दिली गेली. भावाची पहिली बायको, जिला आम्ही सगळे थोरली म्हणायचो, आदल्याच वर्षी बाळंतपणात गेली होती, आमच्या मायच्या मांडीवर. म्हणून द्वारका धाकटी झाली. थोरली मेलेली असूनही तिचा मान घरात तसाच होता आणि ही जिवंत असून तिच्या मागे उभी राहणारी होती. मी तेव्हा शाळेत जाणारी, जिभेने तिखट, आणि नवी वहिनी माझ्याहून फार मोठी नव्हती. हळदीच्या अंगाने ती दारात उभी होती तेव्हाच मला ती आवडली, कारण माप ओलांडताना सांडलेल्या तांदळाकडे पाहून तिने हळूच म्हटलं होतं, "चांगले आहेत, केशोरीपरीस बारीक."

आता पुतळीचं सांगते. आमच्या भागात दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात. टाक म्हणजे सोन्याच्या किंवा चांदीच्या पत्र्यावर उठवलेली लहानशी मूर्ती. ती मूर्ती म्हणजेच मेलेली सवत. नवं लुगडं नेसायचं तर त्याचा पदर आधी तिला लावायचा, न्हायचं तर पहिलं पाणी तिच्यावर, जेवायचं तर पहिला घास तिला दाखवायचा, मग आपण. नाही केलं तर पहिली रागावते आणि तिचा राग कुठे निघतो हे बाळंतिणींच्या खोलीत बायका कुजबुजत सांगतात. मायने मात्र टाक घडवला नाही. थोरलीच्या अंगावर पुतळ्यांची माळ होती, तिच्या माहेरून आलेली. ती पेटीत कुलपात होती. मायने त्यातली एक पुतळी सोनाराकडून सोडवून घेतली, तिला कडी लावली, काळ्या दोऱ्यात ओवली आणि लग्नाच्या दिवशी नवरीला पाटावर बसवून तिच्या गळ्यात बांधली.

पुतळी वाचकांपैकी अनेकींनी पाहिली असेल. रुपयाहून बरीच लहान, पातळ, आणि पिवळी इतकी की तिच्याशेजारी दुसरं सोनं फिकं वाटावं. एका बाजूला दोन आकृत्या आहेत, एक उभी, एक गुडघे टेकलेली, आणि दोघींच्या मध्ये एक लांब काठी, जी दोघींनी धरली आहे. दुसऱ्या बाजूला लंबगोलात एकटा पुरुष उभा आणि त्याच्याभोवती ठिपके. मायने ती पुतळी नवरीच्या डोळ्यांसमोर धरून समजावली होती. मी शेजारी बसून ऐकत होते. "हे पाह्य, हे उभी आहे ते थोरली. खाली बसली आहे ते तू. अन् हे मदात मुसर. दोघी मिरून धान कांडून राहिल्या." मग पुतळी उलटी करून म्हणाली, "अन् हा तुमचा नवरा." सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. धानाच्या मुलखात दोन माणसांनी एक काठी धरली तर ते मुसळच असणार, दुसरं काय? नवरीने पुतळी निरखून पाहिली आणि विचारलं, "आत्याबाई, माह्या नाकात नथ काऊन नाई?" बायका हसल्या. माय हसली नाही. ती म्हणाली, "तुही नथ थोरलीनं घातली आहे. तिले विचारून घालत जा."

माझी माय दुष्ट नव्हती. हे मी आताच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही तिला सासवांच्या नेहमीच्या रांगेत उभी कराल. वडील गेल्यावर शेती तिने सांभाळली, भावकीशी भांडून मला शाळेत ठेवलं, पुढे नागपूरला कॉलेजात पाठवलं. गावात लोक तोंडावर बोलायचे, पोरीला मास्तरीण करून राहिली म्हणून. ती त्यांना तोंडावरच उत्तर द्यायची. पण थोरलीवर तिचा जीव होता. मरताना थोरलीने पेज मागितली होती आणि ती शिजेपर्यंत तिचे डोळे मिटले. त्या दिवसापासून मायला एकच भीती होती, की थोरली उपाशी गेली आहे आणि उपाशीच हिंडते आहे. धाकटीच्या गळ्यात ती पुतळी तिने धाकटीला छळायला बांधली नव्हती. थोरलीला जेवू घालायला बांधली होती. पण दोरा ज्याच्या गळ्यात असतो त्याला या कारणाने काय फरक पडतो?

मी सुट्टीत घरी यायची तेव्हा वहिनीचं जेवण पाहायची. सगळ्यांचं झाल्यावर ती चुलीपाशी बसायची, भात कालवायची, पहिला घास उचलून गळ्याशी न्यायची, पुतळीला टेकवायची, खाली ठेवायची, आणि मग जेवायची. आजारी असली तरी हेच. तिच्या भावाने माहेरहून निळं लुगडं आणलं तेव्हा तिने आनंदाने ते उलगडलं, अंगावर धरलं, आणि मायचा खोकला ऐकून तसंच गळ्याशी नेलं. माहेरी जायला निघाली की माय म्हणायची, "थोरलीले केशोरीचं पानी सोसत नाई, लवकर ये." थोरलीला केशोरीचं पाणी कधी प्यायला मिळालं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. भावाच्या आणि तिच्या खोलीतही थोरली तिसरी होतीच. वहिनीने मला कधी ते बोलून दाखवलं नाही, पण एकदा विहिरीवर धुणं धुताना ती म्हणाली, "शकूबाई, एकटं बसाची हौस आहे माह्या मनात. एक दिवस. कोनीच नोको. हे बी नोको." आणि ओल्या बोटाने तिने पुतळीवर टिचकी मारली. ती हौस म्हणजे काय ते तेव्हा मला कळलं नाही. तिला ती पुतळी गळ्यातून उतरवायची होती. एवढंच. दागिने नको होते, माहेर नको होतं, वेगळी चूल नको होती.

नागपूरला आमचे इतिहासाचे सर नाण्यांचे नादी होते. पगारातलं अर्धं नाण्यांत जायचं आणि त्यांच्या पत्नी ते आम्हा मुलींना हसत हसत सांगायच्या. एका रविवारी त्यांनी आम्हाला घरी बोलावलं आणि सागवानी खणातून एकेक सोन्याचं नाणं काढून मखमलीवर मांडलं. मोगलांच्या मोहरा होत्या, नुसत्या फारसी अक्षरांच्या, कारण तिथे माणसाचं चित्र काढायचं नाही असा रिवाज; तरी एका बादशहाला लहर आली आणि त्याने महिन्याच्या जागी राशी काढल्या, मेंढा, बैल, सिंह, त्याचीही गोष्ट सरांनी रंगवून सांगितली. दक्षिणेतला डाळीएवढा वराह होता, ज्यावर कधीकाळी वराहाचं चित्र असे म्हणून ते नाव चिकटलं आणि चित्र गेल्यावरही राहिलं. इंग्रजांची गिन्नी होती, एका बाजूला राजाचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, टापांखाली पंखांचा राक्षस. आणि शेवटी त्यांनी तळहातावर ठेवली ती पुतळी. मी खुर्चीवरून उठलेच. "ही आमच्या घरी आहे!" मी ओरडले. मुली हसल्या.

सर मग पुतळीवर बराच वेळ बोलले. समुद्रात वसलेल्या व्हेनिस नावाच्या गावचं हे नाणं. तिथले व्यापारी फार पक्के. पाचशे वर्षं त्यांनी या नाण्याचं सोनं उतरू दिलं नाही आणि चित्रही बदललं नाही, म्हणून दूरदूरच्या बाजारांत डोळे मिटून ते घेतलं जायचं. मिरी आणि कापड नेण्यासाठी ते आपल्या किनाऱ्यावर आलं, आणि एकदा आलं ते परत गेलं नाही, कारण आपल्या बायकांनी ते खर्च न करता गळ्यात घातलं. उभी आकृती म्हणजे त्या गावचा रक्षणकर्ता संत. गुडघे टेकलेली आकृती म्हणजे त्या नगरराज्याचा प्रमुख, राजाच म्हणा. मधली काठी म्हणजे झेंडा, संत तो राजाच्या हाती देतो आहे. मागच्या लंबगोलात येशू ख्रिस्त, आणि ठिपके म्हणजे तारे. पुढे आपल्याकडच्या सोनारांनी या नाण्यांच्या नकला काढल्या. त्यांना ती अक्षरं वाचता येत नव्हती, तेव्हा अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा आल्या, संताची दाढी झिजली, त्याच्या डोक्यामागचं तेजोवलय अंबाड्यासारखं दिसू लागलं आणि राजाच्या टोपीचा पदर झाला. "अशा रीतीने," सर म्हणाले, "दोन दाढीवाल्या पुरुषांच्या आपण दोन बाहुल्या केल्या आणि नाव ठेवलं पुतळी." सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर चुलीपाशी बसलेली वहिनी होती. मी सरांचं भिंग मागून घेतलं आणि सुट्टी लागताच घर गाठलं.

दुपारची वेळ होती, माय शेतावर. वहिनीला मी ओसरीच्या उन्हात ओढून आणलं आणि तिच्या गळ्यातली पुतळी, दोरा न काढता, भिंगाखाली धरली. उभ्या आकृतीच्या हनुवटीखाली बारीक रेघा होत्या, स्पष्ट. आमची पुतळी नक्कल नव्हती, थेट व्हेनिसची होती. मी भिंग वहिनीच्या हातात दिलं. तिने मान वाकडी करकरून पाहिलं आणि एकदम किंचाळली, "अवो माय! थोरलीले दाढी!" मग ती जी हसत सुटली... खांबाला धरून, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसत होते. मी तिला संत, राजा, झेंडा, सगळं सांगितलं. "झेंडा व्हय हा? अन् आमी इतके वर्ष कांडून राहिलो," ती म्हणाली, आणि पुन्हा हसली. मी म्हटलं, "अन् वयनी, खाली बसला आहे ना, तोच राजा आहे. झेंडा त्याच्याच हाती येऊन राहिला आहे." मला वाटलं होतं, आता ती तो दोरा ओढून काढेल. पण तिचं हसू हळूहळू ओसरलं. तिने भिंग खाली ठेवलं आणि मला विचारलं, "दोघं बी गडी मानूस व्हय, तर मी कोनाले जेवू घालून राहिली होती?"

 तिने पुतळी चिमटीत धरली. मग जे बोलली त्याने मला पहिल्यांदा कळलं की ही गोष्ट मी समजत होते तितकी सोपी नाही. "या घरात दिवसभर माह्यासंगं कोन बोलते?" ती म्हणाली. "तुमचे भाऊ शेतात. आत्याबाई काम सांगते, बोलत नाई. मी हिच्यासंगंच बोलत होती. पोटातलं गेलं तवा बी हिलेच सांगितलं. म्हटलं, तुहं बी गेलं होतं, तुले समजन." जिच्यामुळे ती अडकली होती तिलाच तिने मैत्रीण करून टाकलं होतं, कारण अडकलेल्या माणसाला दुसरं होतंच कोण? आणि मी नागपूरहून भिंग घेऊन आले आणि ती मैत्रीणही काढून घेतली. दोरा तेवढा तिथेच राहिला. "नोका सांगू कोनाले," ती उठताना म्हणाली, आणि त्या दिवशीही तिने चुलीपाशी घास दाखवला. कोणाला, ते तिलाच ठाऊक.

मी सांगितलं. पुढच्या वर्षी, मी गोंदियाच्या शाळेत लागल्यावर, तिचं दुसरं मूलही जन्मून काही दिवसांत गेलं आणि बायकांनी ठरवलं की थोरली रागावली आहे. मायने तिला उपास धरायला लावले. ओली बाळंतीण, अंगात ताप, आणि उपास! मी अंगणात उभी राहिले आणि मायला, भावाला, जमलेल्या बायकांना पुतळीवरचं चित्र समजावून सांगितलं. व्हेनिस सांगितलं, संत सांगितला, राजा सांगितला, भिंगाने दाढी दाखवते म्हटलं. कोणी हसलं नाही. मायने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असन. तठी असन राजा. आमच्या घरी आला, आमचा झाला. तू नाई का पोरगी असून मास्तरीन होऊन राहिली? तसा तो राजा असून बाई झाला." तिचं हे उत्तर मला आजही खोडता येत नाही. सरांनाही आलं नसतं. मी भावाकडे वळले. त्याने डोकं खाजवलं, बैलांकडे पाहिलं आणि म्हणाला, "मायले विचार ना. मले कायले विचारतं?" माझा भाऊ वाईट नाही, पण आयुष्यात त्याने स्वतःहून एकही दोरा सोडला नाही, बैलाचासुद्धा.

तेवढ्यात वहिनी दाराशी आली. भिंतीला धरून उभी होती. मला वाटलं, आता ती बोलेल. तिने पुतळी मुठीत धरली आणि म्हणाली, "राहू द्या शकूबाई. करतो मी उपास." मग मी तिच्यावरच चिडले. संध्याकाळी गोठ्याशी गाठून तिला वाटेल ते बोलले, की तुझ्यासाठी मी सगळ्यांशी वैर घेतलं आणि तू... तिने माझं सगळं बोलून होऊ दिलं. मग फक्त एवढंच म्हणाली, "तुमी उद्या गाडीत बसून गोंद्याले जाल. मले अठीच राहाचं आहे." दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसून गोंदियाला आले.

एकदा, एकदाच, तिला तिचा दिवस मिळाला. गेल्या वर्षी तिला पुन्हा दिवस राहिले तेव्हा भाऊ तिला गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला घेऊन आला आणि माझ्या खोलीवर सोडून स्वतः गिरणीवर गेला. माझी घरमालकीण खिडकीतून ओरडली, "बहनजी, भाभी आई है क्या? कितनी दुबली है!" वहिनी हिंदी ऐकून लाजली. मी भात केला, वांग्याची भाजी केली, आणि ताट वाढून तिला म्हटलं, "वयनी, इथे कोनी नाही. काढ." ती दाराकडे पाहत राहिली. मग तिने उठून दार लावलं, कडी घातली, आणि मानेमागे हात नेऊन दोरा सोडला. इतक्या वर्षांची गाठ, सुटता सुटेना. पुतळी तिने माझ्या पुस्तकांमागे ठेवली, दिसू नये अशी, आणि जेवायला बसली. मला वाटलं होतं, ती हावऱ्यासारखी जेवेल. तिने घास उचलला आणि हात आपोआप गळ्याशी गेला. तिथे काही नव्हतं. हात तिथेच थांबला. तिने घास खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा हात गळ्याशी... "कसं करू?" ती कसनुसं हसत म्हणाली. "रस्ताच सापडत नाई तोंडाचा." शेवटी मी तिला भरवलं. माझ्याहून मोठी बाई, मी तिला लहान मुलीसारखं भरवलं आणि दोघी रडत होतो. भाऊ यायच्या आत तिने पुतळी पुन्हा बांधली. तिच्या मानेवर दोऱ्याचा फिकट वळ होता, आणि दोरा बरोबर त्याच वळावर जाऊन बसला.

त्यानंतर मी तिला जिवंत पाहिलं नाही.

तेरवीला मी गेले. पाहुणे पांगल्यावर मायने मला आतल्या खोलीत बोलावलं. ती खचली होती, डोळे सुजले होते. पदराच्या गाठीतून तिने पुतळी काढली आणि माझ्या हातात दिली. मला वाटलं, मला देते आहे, आठवण म्हणून. क्षणभर मी मायला सगळं माफ केलं. मग ती सांगू लागली. चिचगडकडची एक मुलगी पाहिली आहे, गरिबाघरची, शांत आहे, याच लग्नसराईत उरकून घेऊ. घरात वंशाला दिवा नाही, भावाच्या जेवणाचे हाल. "अन् नवी पुतरी नाई लागत," माय म्हणाली. तिने माझ्या तळहातावरच्या पुतळीवर बोट ठेवलं. "हिच्यातच दोघी आहेत पाह्य. थोरली उभी, धाकटी बसली. नवरीनं दोघीलेबी एकाच घासात जेवू घालाचं." आणि तिला हुंदका आला. "धाकटी भेत होती ना एकटीले. आता दोघी सोबत राहतीन." ती खरंच रडत होती, धाकटीसाठी. मी पाहत होते. उभी एक, वाकलेली एक, आणि ठशात तिसरीला जागा नाही. तिची जागा ठशाबाहेर, दोऱ्याच्या फासात. मी मूठ मिटली. माय म्हणाली, "दे." मी दिली नाही. पिशवी उचलली आणि तशीच सौंदडच्या वाटेला लागले. भाऊ स्टेशनापर्यंत मागे आला. "मायले काय सांगू?" त्याने विचारलं. "सांग, शकूनं नेली," मी म्हटलं. गाडी हलली तरी तो फलाटावर तसाच उभा होता.

चार दिवस मी स्वतःवर खूश होते. एका मुलीला वाचवलं असं मला वाटत होतं. मग गिरणीवर आलेल्या कोणाच्या तरी तोंडी मायचा निरोप आला, रागाचा मुळीच नव्हता. "ठेव म्हनावं तिले. पेटीत का कमी आहेत पुतऱ्या?" खरंच होतं ते. माळेतली एकच तर मी आणली होती. लग्न गेल्या आठवड्यात झालं. मी गेले नाही. मुलीचं नाव मात्र मी विचारून घेतलं आहे. तिचं नाव जाई. इथे लिहून ठेवते, कारण त्या घरात ते नाव फार दिवस ऐकू येणार नाही. तिच्या गळ्यातली पुतळी कशी आहे, दाढीची की बिनदाढीची, मला ठाऊक नाही.

मी आणलेली पुतळी माझ्या टेबलावर आहे. सर कधी गोंदियाला आले तर ती पाहून हरखतील, अस्सल आहे म्हणतील, खणात ठेवायला मागतीलही. मी देणार नाही. खोलीत मी एकटी राहते, एकटीच शिजवते, आणि ताट वाढून घेतलं की पुतळी उचलून ताटाशेजारी ठेवते. जिने भरल्या अंगणात व्हेनिसचा राजा समजावून सांगितला होता तीच मी! मला सगळं ठाऊक आहे, संत कोणता आणि झेंडा कोणाचा. तरी भात कालवते, पहिला घास उचलते, आणि गुडघे टेकून बसलेल्या त्या आकृतीला टेकवते. उभ्या आकृतीला नाही. वहिनीने आपल्या सबंध संसारात पहिला घास स्वतःच्या हाताने कधी खाल्ला नव्हता.